नाशिकचा कातळ, वालुकाश्म आणि इतिहासाचा पुरावा

नाशिकच्या प्राचीन इतिहासाची अनेक साधने पाषाणमय आहेत. तो पाषाण कोणत्या जातीचा, हा प्रश्न भूशास्त्राइतकाच इतिहासाचाही होय.

त्रिरश्मी डोंगरातील पांडवलेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत. हा अग्निजन्य खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील गौतमी बलश्रीचा लेख याच कातळावर आहे. लाव्हाप्रवाहांचे थर दुरून गाळाच्या थरांसारखे भासतात. म्हणून केवळ थर पाहून खडकास स्तरित ठरविणे युक्त नव्हे.

वालुकाश्माची ओळख कणांवरून पटते. १/१६ ते २ मिलिमीटर व्यासाचे, बहुधा क्वार्ट्‌झचे, पाण्याने वा वाऱ्याने वाहून आणलेले कण सिलिका, लोहाचे ऑक्साइड किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांनी सांधले जाऊन हा खडक बनतो. त्याचे पृष्ठ खरखरीत लागते व भिंगातून पृथक् कण दिसतात. बेसाल्टमध्ये मात्र बारीक स्फटिक परस्परांत गुंतलेले असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने सांध्यास फेस आल्यास तो कार्बोनेटचा समजावा. तिरकस स्तररचनेवरून जुन्या प्रवाहाची दिशा कळते.

असा खडक जीवांचे अवशेषही जपतो. विदर्भातील मांगली येथील वालुकाश्मात सापडलेल्या ब्रॅकिऑप्स या उभयचराचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केले. लाव्हारसाच्या तप्त प्रवाहाकडून अशी अपेक्षा करता येत नाही.

नाशिकचा मूळ कातळ वालुकाश्म नसला, तरी गोदावरीच्या काठी त्याचे आप्त आढळतात. गंगापूरनजीक गंगावाडी येथे वाळू व गोटे यांचे सांधलेले थर असून त्यांत अश्मयुगीन हत्यारे मिळाली. ह. धी. सांकळिया यांनी १९५२ मध्ये गोदावरीच्या या हत्यारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाळूऐवजी गोट्यांचे प्राबल्य असल्यास अशा सांधलेल्या थरास पिंडाश्म म्हणणे अधिक योग्य.

या भेदाचे महत्त्व कालनिर्णयात आहे. प्रवाहाने वाहून आणलेले हत्यार थराहून पुरातन असू शकते. त्याच्या कडा झिजलेल्या असतील, तर ते दूरवरून आले असण्याचा संभव वाढतो. तीक्ष्ण असतील, तर ते फार वाहत आले नसावे. म्हणजे थराचे वय हे हत्यार घडविल्याचे वय नव्हे. ते घडविणे थर साचण्यापूर्वीचे, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. कोरलेल्या लेखाची गोष्ट निराळी. तो कातळाच्या वयावर मुळीच अवलंबून नाही. लेख वाचण्यास लिपी लागते, तसा थर वाचण्यास कण, सांधा व स्तररचना यांचा परिचय लागतो.