भिंतीपलीकडची खोली : आभासी घराची दोन हजार वर्षे

#थ्रेड #इतिहास #वास्तुकला

१/
घराच्या खऱ्या भिंती आणि त्यांवर अवतरणारे आभासी जग यांची सांगड घालण्याची धडपड संगणकाहून कितीतरी जुनी आहे. तिच्या प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न उभा राहतो. घरात माणसे अनेक असतात. मग हे दृश्य नेमके कोणाच्या डोळ्यांसाठी रचायचे?

२/
रोमच्या उत्तरेस प्रिमा पोर्ता येथे सम्राट ऑगस्टसची पत्नी लिव्हिया हिचा ग्रामीण प्रासाद होता. १८६३ मध्ये तेथे अर्धवट जमिनीखाली बांधलेली एक खोली सापडली. लांबी सुमारे १२ मीटर, रुंदी सुमारे ६ मीटर. इ.स.पू. ३० ते २० या काळात तिच्या चारही भिंती एका सलग बागेने रंगवल्या गेल्या.

३/
या बागेत डाळिंबे लगडली आहेत, गुलाब उमलले आहेत, खसखशीची फुले डोलत आहेत आणि फांद्याफांद्यांवर पक्षी आहेत. निसर्गात वेगवेगळ्या ऋतूंत येणारा बहर येथे एकाच वेळी आला आहे. उन्हाळ्यातील भोजनासाठी ही थंडगार खोली वापरली जात असावी, असा अभ्यासकांचा कयास आहे.

४/
खरी करामत रचनेत आहे. पुढे वेताचे बुटके कुंपण, मागे पायवाट, तिच्यापलीकडे दगडी कठडा आणि त्यामागे झाडी. दूरची झाडे निळसर व अंधुक. खोली भासते ती या थरांमुळे. एका बिंदूकडे धावणाऱ्या सरळ रेषा जवळपास नाहीतच. त्यामुळे कोणत्याही आसनावर रेलून जेवणाऱ्या पाहुण्याला बाग सारखीच खरी वाटते.

५/
पण हे सर्वांनाच रुचले नाही. त्याच काळातील वास्तुविशारद विट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात नव्या भित्तिचित्रांवर कठोर टीका केली. खांबांच्या जागी बोरू, दीपवृक्षांवर तोललेली मंदिरे! जे अस्तित्वात नाही आणि असू शकत नाही, ते रंगवायचे कशाला? आभासी जागेने प्रत्यक्षाचे नियम पाळावेत की नाहीत, हा वाद इतका जुना आहे.

६/
दीड हजार वर्षांनंतर इटलीतील मांतुआ येथे आंद्रेआ मांतेन्या याने १४६५ ते १४७४ या काळात लुडोव्हिको गोन्झागाचे दालन रंगवले. खऱ्या शेकोटीच्या माथ्यावरच चित्रातील राजकुटुंब बसले आहे. चित्रातील उजेड खऱ्या खिडक्यांच्या दिशेशी जुळवला आहे. छतात आकाशाकडे उघडणारा गोल झरोका भासतो आणि त्याच्या कठड्यावरून माणसे खाली डोकावतात. पण त्या झरोक्याखाली नेमके उभे राहिले, तरच भास पुरता साधतो.

७/
पुढची पायरी रोममध्ये. धनाढ्य सावकार आगोस्तीनो कीजी याच्या प्रासादात, आजच्या व्हिला फार्नेसीनात, बाल्दास्सारे पेरुत्झी याने १५१८च्या सुमारास एका दालनाच्या भिंती जणू नाहीशाच केल्या. रंगवलेल्या संगमरवरी खांबांमधून रोम शहर दिसते. खरी फरशी चित्रातल्या फरशीत मिसळते. खोलीतील एका ठरावीक जागेवरून पाहिले, की भिंत उरतच नाही.

८/
आणि दोन पावले बाजूला सरकले, की खांब कलतात. यथार्थदर्शनाच्या गणिताने भास अचूक केला. पण तो एका डोळ्याच्या, एका जागेच्या मालकीचा झाला. लिव्हियाच्या बागेत प्रत्येक पाहुण्याला जे मिळत होते, ते येथे योग्य जागी उभ्या राहणाऱ्यालाच मिळू लागले.

९/
१५२७ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटले. जर्मन भाडोत्री शिपायांनी याच दालनाच्या भिंतींवर अक्षरे खरवडली. पोपला पळवून लावल्याची त्यांची टवाळी आजही तेथे वाचता येते. एका टोकदार हत्यारापुढे संगमरवर पुन्हा गिलावा झाला. आभासी भिंतीलाही खऱ्या भिंतीइतकेच संरक्षण लागते.

१०/
अशी चित्रे राजे आणि सावकार यांनाच परवडत. १९व्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये छापील देखाव्यांचे भित्तिकागद आले आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांतही दूरदेश अवतरले. रचना व्यवहारी होती. आकाशाचा भाग मुद्दाम उंच ठेवलेला असे. छत बुटके असेल तर तेवढा कापून टाकायचा. देखावा अनेक प्रसंगांत विभागलेला असल्याने मध्ये दार आले तरी तो मोडत नसे.

११/
आल्सास प्रांतातील रिक्सहाइम येथील झ्युबर कारखान्याने १८०७ मध्ये ‘हिंदुस्थान’ हा देखावा काढला. त्यासाठी हजाराहून अधिक लाकडी ठसे कोरले गेले. आधार होता थॉमस व विल्यम डॅनियल या काका-पुतण्यांच्या भारतचित्रांचा. घारापुरी आणि कान्हेरीची लेणी चितारणारे हेच ते डॅनियल. मूळच्या दूरदूरच्या वास्तू कागदावर एका सलग भूमीवर येऊन बसल्या. युरोपीय घरातला हा हिंदुस्थान कोठेही उभे राहून पाहता येई. फक्त तो नकाशावर कोठेच नव्हता.

१२/
१९६८. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड याने पेरुत्झीचा प्रश्न उलट बाजूने सोडवला. पाहणाऱ्याने योग्य जागी जाण्याऐवजी चित्रानेच पाहणाऱ्याच्या मागे यावे! छताला टांगलेले एक उपकरण डोक्याची हालचाल मोजी आणि संगणक त्यानुसार रेषाचित्र बदली. अर्धपारदर्शक आरशांमुळे खरी खोलीही दिसत राही. त्याने रचलेल्या दृश्यांपैकी एक होती चक्क खोलीच : चार भिंती, छत आणि जमीन, प्रत्येकीवर ओळखीचे एक अक्षर.

१३/
मात्र त्या खोलीत एकाच माणसाला जागा होती. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठात कॅरोलिना क्रूझ-नेइरा, डॅनियल सँडिन आणि टॉमस डीफँटी यांनी ‘केव्ह’ सादर केली. सुमारे १० फुटांच्या या खोलीच्या भिंतींवरच प्रतिमा पडत. अनेक जण आत एकत्र उभे राहू शकत. पण संगणक मागोवा घेई एकाच्याच डोक्याचा. इतरांना तेच दृश्य किंचित कललेले दिसे. पेरुत्झीची ठरावीक जागा आता चालू लागली होती. एवढाच काय तो फरक.

१४/
आज डोळ्यांवर चढवायच्या उपकरणांनी प्रत्येकाला स्वतःची अचूक जागा दिली आहे. एकाच बैठकीवरच्या चौघांना चार वेगळी घरे दिसू शकतात. म्हणजे एका डोळ्याचा प्रश्न सुटला, तर सामायिक खोलीचा निर्माण झाला. यापुढील घरे रचणाऱ्यांपुढचे खरे कोडे हेच आहे.

१५/
लिव्हियाच्या भिंती बॉम्बहल्ल्यांच्या काळातून वाचल्या. १९५१-५२ मध्ये ती चित्रे सोडवून रोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात हलवण्यात आली. आज ती पलात्झो मास्सिमो येथे आहेत. तेथे एका वेळी कितीही जण उभे राहोत, बाग सर्वांना एकच दिसते. तंत्र जुने आहे, अचूकताही कमी आहे. पण घर म्हणजे एकत्र राहण्याची जागा, हे त्या अनाम चित्रकारांनी गृहीत धरले होते.

(समाप्त)