गिरगावातले दोन आवाज

८ ऑगस्ट १९४२ ला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांचे हात बांधलेले. गावोगावी काय चाललंय ते कुणाला कळेना. तेव्हा २२ वर्षांच्या उषा मेहता, बाबूभाई खाखर, चंद्रकांत झवेरी अशा मंडळींनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर. ठिकाण सांगायचं ते ‘भारतात कुठूनतरी’ एवढंच. प्रत्यक्षात पोलिसांना चुकवत ट्रान्समीटर या घरातून त्या घरात हलायचा. राममनोहर लोहियांची भाषणं त्यावरून गेली. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकीकत लोकांनी इथेच ऐकली. १२ नोव्हेंबरला पोलिसांनी दार फोडलं ते पारेख वाडीतल्या इमारतीचं. म्हणजे आपल्याच गिरगावात! आपल्याला इतिहासाच्या तासाला हे कुणी सांगितल्याचं मला तरी आठवत नाही.

उषाताईंचा जन्म २५ मार्च १९२०चा. त्याला बरोबर १०० वर्षं झाली त्या दिवशी देशभर टाळेबंदी सुरू झाली.

आपल्या बॅचचा ‘रविवारची घंटा’ त्यानंतर पंधरा दिवसांत सुरू झाला. त्याला पॉडकास्ट म्हणतात हे मुलांनी सांगितलं. आधी व्हिडिओ कॉल करून पाहिले होते. त्यात निम्मा वेळ ‘ऐकू येतंय का?’ यातच जाई, आणि आपल्या संस्कृतच्या बाईंना तो छोटा पडदा दिसतच नसे. आवाजाचं तसं नाही. पोळ्या लाटताना, अंधारात पडल्या पडल्या ऐकता येतो. प्रत्येकाने दोन मिनिटं बोलून पाठवायचं, आम्ही तिघांनी ते जोडायचं, सुरुवातीला शाळेच्या घंटेऐवजी स्टीलचं ताट वाजवायचं. कुणाच्या वडिलांची औषधं मिळत नव्हती, कोण क्वारंटाइनमध्ये होतं, कुणाच्या गल्लीत भाजीवाला येत होता, सगळं त्यात असे. आपली परिचारिका मैत्रीण पीपीई किट उतरवल्यावर बोलायची. तिच्या दोन मिनिटांत पहिलं अर्धं मिनिट नुसता श्वास असे. तो आम्ही कापला नाही.

या दोहोंची तुलना करायची नाही. त्यांच्यापुढे तुरुंग होता, उषाताईंनी चार वर्षांची शिक्षा घेतली. आपला फार तर डेटा पॅक संपत होता.

पण एक गोष्ट मला अस्वस्थ करते. काँग्रेस रेडिओवर काय बोललं गेलं हे आज वाचायला मिळतं, कारण पोलीस ऐकून ते उतरवून घेत होते. शत्रूच्या कानांनी तो इतिहास जपला. आपलं कोण ऐकत होतं? फक्त आपणच, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी ‘स्टोरेज फुल’ दिसताच सगळं पुसून टाकलं. ३१ भागांपैकी २८ जमले आहेत. सातवा, बारावा आणि एकोणिसावा सापडत नाही. बाराव्यात पी.टी.चे सर आहेत. ‘सावधान’पासून ‘विश्राम’पर्यंत सगळ्यांना आपापल्या घरात कवायत करायला लावली होती त्यांनी. २०२१ च्या एप्रिलमध्ये सर गेले. त्यांच्या मुलीकडेही तो आवाज नाही.

कपाटात जुना फोन पडला असेल तर मेळाव्याला येताना घेऊन या. चार्जरसकट, त्या पिना आता मिळत नाहीत.