शुद्धी, स्वच्छता आणि घासणारे हात

स्वच्छता आणि शुद्धी हे दोन शब्द आपल्याकडे एकाच अर्थाने वापरण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्यांची जातकुळी वेगळी आहे. स्वच्छतेचा हिशेब करता येतो. मळ होता, तो निघाला. जंतू होते, ते मेले. शुद्धीला असा हिशेब मान्य नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले आणि त्यांच्यामागून हजारो अस्पृश्य बांधवांनी ते केले. त्यानंतर तेथील सनातन्यांनी काय केले? शेण, गोमूत्र, दूध आणि दही यांची १०८ मडकी मंत्रोच्चारात तळ्यात बुडवली आणि तळे शुद्ध झाल्याचे जाहीर केले. माणसाने ओंजळ बुडवल्याने पाणी बाटते आणि शेण बुडवल्याने ते शुद्ध होते, हा त्या व्यवस्थेचा न्याय होता. पाण्याच्या स्वच्छतेशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

हा भेद आरंभीच सांगण्याचे कारण असे की, या लेखाचा विषय वरवर पाहता अगदीच किरकोळ वाटेल. घरातल्या मोरीशेजारी, संडासाच्या कोपऱ्यात ब्लीचची बाटली आणि ॲसिडचा कॅन असतो. त्यांच्याऐवजी काय वापरावे, हा तो विषय. साहित्य आणि समाजचिंतनाला वाहिलेल्या अंकात बाटल्यांची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. पण ती बाटली उघडणारा हात कुणाचा आहे, हे एकदा पाहिले की प्रश्न किरकोळ राहत नाही.

पांढरेपणाचा इतिहास थोडक्यात पाहू. अठराव्या शतकापर्यंत युरोपात कापड पांढरे करण्यासाठी ते राखेच्या खाऱ्या पाण्यात उकळून, आंबट दुधात भिजवून महिनोन्महिने गवतावर उन्हात पसरून ठेवीत. आपल्याकडे हेच काम परीट करीत असे. बारा बलुत्यांतला हा कारागीर साजीखार किंवा पापडखार, भट्टीची वाफ, वाहते पाणी आणि ऊन एवढ्या सामग्रीवर कापड शुभ्र करी. गुजरातेतील भडोच तर कापडाच्या धुलाईसाठी परदेशी व्यापाऱ्यांत नावाजलेले होते; सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने त्याची नोंद केली आहे. जगाने वाखाणलेला तो शुभ्रपणा ज्यांच्या कष्टाचा होता, त्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत.

पुढे १७७४ साली शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने क्लोरीन वायू वेगळा केला. त्याच्या अंगी रंग उडवण्याचा गुण आहे, हे ध्यानात घेऊन फ्रान्समध्ये बेर्तोले याने १७८० च्या दशकात कापड पांढरे करण्याचे द्रावण काढले. १७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने क्लोरीन चुन्यात मुरवून कोरडी भुकटी करण्याचे पेटंट घेतले. तीच आपली ब्लीचिंग पावडर. महिन्यांचे काम दिवसांवर आले. गिरण्यांना वेग हवा होता, तो मिळाला.

या रसायनाचा दुसरा उपयोग समोर आला तो कापडाच्या नव्हे, तर आतड्यांच्या कारखान्यात. जनावरांच्या आतड्यांपासून तात बनवणाऱ्या कारागिरांना सडक्या दुर्गंधीत काम करावे लागे. त्यावर उपाय शोधणाऱ्यास फ्रान्समधील एका संस्थेने पारितोषिक लावले आणि १८२० च्या दशकात लाबाराक नावाच्या औषधनिर्मात्याने क्लोरीनयुक्त द्रावण वापरून ते मिळवले. या घटनेपाशी आपण क्षणभर थांबले पाहिजे. मेलेल्या जनावरांशी निगडित असे काम करणारी माणसे तिथेही होती, दुर्गंधी तिथेही होती. तिथल्या समाजाने विचारले, ही दुर्गंधी कशी घालवावी? आपल्या समाजाने मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले, त्यांच्या बाबतीत एकच प्रश्न विचारला: ही माणसे किती लांब ठेवावीत? पहिल्या प्रश्नातून रसायनशास्त्र पुढे गेले. दुसऱ्या प्रश्नातून महारवाडा गावाबाहेर गेला.

१८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टरने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. त्याच्या विभागातील बाळंतिणींचा मृत्यूदर त्या एप्रिलमध्ये १८ टक्क्यांहून अधिक होता, तो जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आला. शेजारचा विभाग सुईणी चालवीत, तिथे मुळातच मृत्यू कमी होते. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येणाऱ्या डॉक्टरांचे हातच मरण वाहून आणीत होते. हे सत्य पचवणे तिथल्या प्रतिष्ठितांना जड गेले. आपले हात घाण असू शकतात, हे उच्चभ्रूंना कुठेच लवकर पटत नाही. आपल्याकडे गावोगाव मांग समाजातील स्त्रिया सुईणपण करीत. बाळाची नाळ कापायला त्यांचा हात चाले, घरच्या माठाला मात्र चालत नसे.

तेव्हा ब्लीच हे काही राक्षस नव्हे. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीत शहराच्या पाण्यात नियमितपणे क्लोरीन मिसळण्यास प्रारंभ झाला, आणि पाण्यातून पसरणारे रोग हटवण्यात या पद्धतीने मोठी कामगिरी केली. आज महाराष्ट्रातील ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर टाकते, ती टेनंटच्या भुकटीचीच वंशज आहे. ती पटकीच्या जंतूंना मारते. विटाळाची कल्पना मारण्याची ताकद तिच्यात नाही. त्यासाठी महाडच करावे लागले.

परंतु जे रसायन तारते, ते कुणाच्या हाती आणि कुणावर वापरले जाते, हेही इतिहासाने पाहायचे असते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने चाळी आणि गटारे कार्बोलिक ॲसिड व इतर जंतुनाशकांनी धुऊन काढली. रोग मात्र उंदरांवरच्या पिसवांतून पसरत होता. सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ साली ते दाखवून दिले. म्हणजे गरिबांची घरे आणि चीजवस्तू ज्या रसायनांनी भिजवली, त्यांनी रोग फारसा अडलाच नाही. त्या काळात मुंबईच्या अधिकाऱ्यांना मोठी धास्ती होती ती हलालखोर शहर सोडून जातील याची. शहराचा जीव ज्यांच्या झाडूवर अवलंबून होता, त्यांच्या जिवाची धास्ती कुणाला होती? याच साथीत पुण्याजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने हाच क्लोरीन वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला. आणि मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीत गावी परतलेल्या मजुरांना उत्तर प्रदेशातील बरेली येथे रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइटचे, म्हणजे ब्लीचचे, फवारे मारण्यात आले. त्यांत बायका होत्या, मुले होती. माणसांवर अशी फवारणी करू नये, ती अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १८ एप्रिल २०२० रोजी जाहीर केले. विमानाने आलेल्यांच्या अंगावर कुणी नळी धरली नव्हती. बरेलीतील फवारा हा आरोग्यशास्त्राचा नव्हता. तो जुना शुद्धिविधी होता; मडक्यांच्या जागी फक्त यंत्र आले होते.

आता घराकडे वळू. ब्लीच आणि संडास धुण्याचे ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तोच ईप्रचा वायू. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे विषारी वायू सुटतात. मुतारीत साचलेल्या लघवीवर ब्लीच ओतल्यावर डोळे झोंबतात, त्याचे कारण हेच. बंद, खिडकी नसलेल्या संडासात हे रोज घडते. नॉर्वेतील बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की, सफाईचे काम करणाऱ्या स्त्रियांच्या फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांच्या मानाने अधिक वेगाने घटते. माझ्या आईने पंधरा वर्षे लोकांच्या घरची धुणीभांडी आणि फरशी-संडास केले. तिच्या बोटांच्या पेरांवरची कातडी सोललेली असे आणि रात्री तिला खोकल्याची उबळ येई. ज्या घरांत ती जाई, तिथे तिला चहाचा कप वेगळा होता. ॲसिडची बाटली मात्र बिनदिक्कत तिच्या हाती दिली जाई.

मग पर्याय कोणता? आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. पण हे शास्त्र माझ्या आजीला अक्षरओळखीशिवाय अवगत होते. चुलीची राख आणि नारळाची शेंडी घेऊन ती भांडी घाशी. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट हा खार असतो. तो तेलकटपणाशी मिळून साबणासारखे काम करतो. रिठ्यात आणि शिकेकाईत फेस आणणारे सॅपोनिन असते. चिंचेतल्या आम्लाने तांब्या-पितळेचा कळकटपणा जातो. अंथरूण-पांघरूण आणि बाळाची लंगोटी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवली की बहुतेक जंतूंचा निकाल लागतो.

आज चूल नाही आणि राखही नाही. पण धुण्याचा सोडा वाण्याकडे मिळतो आणि राखेचेच काम अधिक नेमकेपणाने करतो. मोरीची फरशी आणि ओट्याचा तेलकटपणा यांना गरम पाणी, साबण आणि सोडा पुरतो. नळाभोवती आणि संडासाच्या भांड्यात जमणारा पांढरा थर हा बहुधा पाण्यातील चुन्याचा असतो. लिंबूसत्त्व किंवा शिरका त्यावर अर्धा तास राहू द्यावा आणि मग घासावे. त्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिडची गरज नाही. डाग आणि बुरशीसाठी तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरता येते. काम झाल्यावर त्याचे पाणी आणि प्राणवायू होतात. यांतले काहीही ब्लीचमध्ये मात्र मिसळू नये. शिरका किंवा लिंबू त्यात पडले तरी क्लोरीन सुटतोच.

घरात पटकीचा किंवा जुलाबाचा रुग्ण असेल, रक्त सांडले असेल, तर ब्लीच अवश्य वापरावे. पण आधी जागा साबणाने धुवावी. मळावर ब्लीच वाया जाते. पाच टक्क्यांच्या ब्लीचच्या एका भागात थंड पाण्याचे ४९ भाग घातले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते आणि ते नेहमीच्या जागांना पुरते. खिडकी उघडी असावी, हातात मोजे असावेत.

इथे दोन धोक्यांबद्दल बोलले पाहिजे. पहिला धोका असा की, 'नैसर्गिक' या शब्दाच्या आडोशाने जुनी शुद्धी परत येते. मध्य प्रदेश शासनाने २०२१ साली सरकारी कचेऱ्यांत गोमूत्राचे फिनाइल वापरण्याचा आदेश काढला. राख, रिठा आणि सोडा यांचा गुण प्रयोगशाळेत तपासता येतो, म्हणून ते आम्हाला मान्य आहेत. गोमूत्राचा मान मात्र तपासणीच्या आधीच ठरलेला असतो. आजीची राख आणि महाडची मडकी एकाच परंपरेत मोडत नाहीत. राख हे घासणाऱ्यांचे ज्ञान आहे. मडकी हे न घासणाऱ्यांचे हत्यार आहे.

दुसरा धोका अधिक खोल आहे. मी शिकवतो त्या महाविद्यालयात सफाईचे काम ठेकेदाराकडे आहे. तीन मजल्यांच्या संडासांना एक बाई. ब्रशचे केस झडलेले, मोजे नाहीत, ॲसिडचा कॅन मात्र काठोकाठ. मी तिला म्हटले, "मावशी, सोडा टाकून घासलं तर?" ती म्हणाली, "सर, सोड्याला वेळ लागतो. वेळ कोण देणार?"

एवढ्या एका वाक्यात तिने सगळे अर्थशास्त्र सांगितले. ॲसिड हे मुख्यतः वेळ वाचवण्याचे साधन आहे, आणि तो वेळ तिच्या फुप्फुसांतून वाचवला जातो. सुशिक्षित घरांनी ब्लीच सोडून रिठा आणि शिरका आणला, पण मोलकरणीचा पगार आणि तास तेच ठेवले, तर विषाऐवजी तिच्या मनगटावर भार पडेल. तिच्या आरोग्याची किंमत पुन्हा तीच मोजेल.

हाताने मैला साफ करण्याला मनाई करणारा कायदा १९९३ साली झाला, दुसरा २०१३ साली झाला. गटारात मरण पावणाऱ्यांच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले; २०२३ साली ती रक्कम तीस लाख झाली. मरणाची किंमत वाढते आहे. मरणाच्या आधी रोज थोडे थोडे छातीत जाणाऱ्या वाफेची नोंद मात्र कुठल्याही दप्तरात होत नाही.

म्हणून ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्यांनी, आणि आता आपल्यातल्याही अनेकांच्या घरी ती येते, तीन गोष्टी कराव्यात. ॲसिडचा कॅन घरातून काढावा. सोड्याने घासायला लागणारा जास्तीचा वेळ पगारात धरावा. आणि आपला संडास आपण व आपल्या मुलग्यांनी घासायला शिकावे. महाविद्यालये, रुग्णालये, कचेऱ्या यांच्या ठेक्यात मोजे, ब्रश, खिडक्या आणि पुरेशी माणसे ही अट लिहून घेण्यासाठी आपल्या संघटनांनी भांडावे. आमच्या महाविद्यालयात तसा अर्ज आम्ही काही शिक्षकांनी दिला आहे. त्याच्यावर पहिली सही मावशींची आहे. ती त्यांनी स्वतःच्या हाताने केली आहे.