निलगिरीचे तेल : थेंबाचे औषध, चमच्याचे विष

नाक चोंदले की रुमालावर निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब टाकण्याची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. वनस्पतीचे म्हणून ते निरुपद्रवी, हा समज मात्र घातक आहे. पानांपासून ऊर्ध्वपातनाने काढलेल्या या अर्काचे खोबरेल तेलाशी साम्य केवळ नावापुरते. अवघे चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर तेल पोटात गेले तरी लहान मुलाला गुंगी येऊन झटके येऊ शकतात. तेही बहुधा अर्ध्या तासाच्या आत. म्हणूनच ही बाटली ग्राइप वॉटर किंवा खोकल्याच्या औषधाशेजारी ठेवणे हा निव्वळ अविचार होय. ती कुलपातच हवी.

कापराचेही तसेच. कापूरमिश्रित तेलाच्या विक्रीवर अमेरिकेने १९८२ मध्ये बंदी घातली. आपल्याकडे बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी अजूनही दिसते.

दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ वा चेहऱ्यावर ही द्रव्ये लावू नयेत. अपस्माराच्या रुग्णांनी ती वैद्यकीय सल्ल्याविना वापरू नयेत. मोठ्यांनीही निलगिरीचे तेल अंगाला चोळताना दोन चमचे खोबरेल तेलात चारच थेंब मिसळावेत.

तेल पोटात गेल्याची शंका आली तरी उलटी करवू नये. ते फुफ्फुसात उतरण्याचा धोका असतो. घरगुती उतारे शोधत न बसता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाटली सोबत न्यावी. किती तेल उरले आहे, यावरून डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येतो.