चारपर्यंतचे आपले

नात्यांची नावे, शरीराच्या अवयवांची नावे आणि संख्यावाचक शब्द भाषा सहसा उसने घेत नाही, असा एक समज आहे. यवतमाळ जिल्ह्यातील कोलामी भाषा या समजाला एका ठरावीक जागी छेद देते. ती जागा म्हणजे चार.

केळापूर, वणी, मारेगाव, झरी जामणी या तालुक्यांतील पोडांवर कोलाम समाजाची मोठी वस्ती आहे. २०११ च्या जनगणनेत कोलामी ही मातृभाषा सांगणारे देशभरात सव्वा लाखांहून थोडे अधिक होते. भाषा द्राविड कुळातली. तिचे सविस्तर व्याकरण मरे एमेनो यांनी १९५५ साली प्रसिद्ध केले. त्यांनी नोंदवलेल्या वर्ध्याकडील बोलीत चारपर्यंतचे शब्द जुन्या द्राविड ठेव्यातले आहेत. पाचापासून दहापर्यंत मात्र ऐद, आर, एड असे तेलुगू शब्द येतात, आणि त्यापुढे मराठी. म्हणजे घरात लागणारे आकडे आपले, पैनगंगेपलीकडच्या शेजाऱ्याशी व्यवहारात लागणारे त्याचे, आणि बाजार-कचेरीतले सत्तेच्या भाषेचे. संख्यांच्या या उतरंडीत एका समाजाचा इतिहास थरांनी साचलेला आहे. शेजारच्या गोंडीत हीच सीमा सातापर्यंत जाते. दूर बलुचिस्तानातील ब्राहुईत ती तिनावरच थांबते.

याहून लक्षणीय आहे ती कोलामीची मोजण्याची रीत. दोन पुरुष असतील तर 'इद्दर', दोन स्त्रिया असतील तर 'ईराल', दोन वस्तू असतील तर 'इंदिंग'. तीन पुरुष 'मुग्गुर', तीन स्त्रिया 'मुयल', तीन वस्तू 'मूंदिंग'. यांतील पुरुषवाचक रूपे तेलुगूच्या इद्दरु, मुग्गुरु यांच्याशी उघडच जुळतात. पण तेलुगू त्याच शब्दांनी स्त्रियाही मोजते. स्त्रियांसाठी राखलेले ईराल आणि मुयल तिच्यापाशी नाहीत. शेजाऱ्याच्या छायेतून सर्वांत दूर राहिले ते बायकांना मोजणारे शब्द, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. आपणही दोघे, दोघी आणि दोन असा भेद करतोच. तिघे-तिघी, चौघे-चौघी म्हणतो. पाचाला आपली ही शक्ती संपते आणि 'पाचजण', 'पाचजणी' असा 'जण'चा टेकू घ्यावा लागतो. 'चारचौघांत' वावरणारा माणूस ओळखीच्यांत असतो. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणताच पंच, म्हणजे संस्था, समोर येते. युरोपच्या पश्चिम टोकाला वेल्श भाषेतही पुल्लिंगी दाइ, त्री, पेद्वार आणि स्त्रीलिंगी दुइ, ताइर, पेदाइर अशी जोडरूपे आहेत, आणि तीही बरोबर चारावर थांबतात. या तीन भाषांत या बाबतीत देवाणघेवाण झाली, असे आम्ही म्हणत नाही. नजरेच्या एका टप्प्यात मावणाऱ्या माणसांना भाषा माणूस म्हणून मोजते, आणि पुढे नुसता आकडा उरतो, एवढेच यातून सुचते.

वेल्शची पुढची कथाही बोधप्रद आहे. तिची जुनी मोजणी विसांची: चाळीस म्हणजे दोन विसा, ऐंशी म्हणजे चार विसा. आपल्या जुन्या व्यवहारातील 'कोडी' तीच. एकोणिसाव्या शतकात तिथे दहांवर आधारलेली सोपी मोजणी पुढे आली, शाळांनी ती उचलली, आणि जुनी मोजणी वय, तारीख, घड्याळ यांच्यापुरती उरली. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! सोय आणि वारसा यांतला तो जुनाच झगडा होता, आणि दोन्ही बाजूंना वजन होते.

पण पोडावरून पहिलीत येणाऱ्या मुलीचा विचार केला की त्या वादाचे दोन्ही पक्ष एकाच बाजूचे वाटू लागतात. तिच्यासाठी 'एकवीस' आणि 'वीस एक' दोन्ही परक्या घरचेच. तिचे गणित 'ईराल'पासून सुरू होते: आई आणि आजी, दोघी. फळ्यावरच्या दोनापर्यंत या शब्दापासून वाट काढता येते. शाळेने तो एकदा ऐकून घेतला पाहिजे. शंभरापर्यंतचे आकडे कोणतीही शाळा शिकवील. तीन बायकांना एका शब्दात माणूस म्हणून मोजण्याची सोय मात्र 'मुयल' गेल्यावर कोणत्या भाषेतून उसनी आणायची?