चूल वेगळी, पण वाटणी नाही

आजीची थोरली बहीण, म्हणजे आमची मावशीआजी, एक वाक्य वरचेवर म्हणायची. "आम्ही वेगळे जेवत होतो, पण वेगळे नव्हतो." लहानपणी मला हे कोडं वाटायचं. वेगळे जेवायचे म्हणजे वेगळेच ना? मोठेपणी वारसाहक्काचा इतिहास वाचायला लागलो तेव्हा कळलं, की तिचं सगळं आयुष्य त्या वाक्याच्या उत्तरार्धात अडकलं होतं.

तिचे यजमान १९३४ साली गेले. मूलबाळ नव्हतं, मृत्युपत्र नव्हतं. मुंबईत नोकरी, गावी तीन भाऊ आणि वडिलार्जित बागायत. मुंबईत तिची चूल वेगळी होती, पण गावच्या जमिनीची वाटणी कधी झालीच नव्हती. नवऱ्याच्या स्वकष्टाचे थोडेफार पैसे तिला मिळाले. जमिनीतला त्याचा वाटा मात्र भावांच्या वाट्यात मिसळून गेला. तिच्या पदरात पडली ती पोटगी.

दीर दुष्ट होते असं मुळीच नाही. त्यांनी कायद्याप्रमाणेच केलं. प्रश्न असा, की हा कायदा आला कुठून?

गंमत म्हणजे जुन्या शास्त्रात बायकोचं नाव चक्क पहिलं आहे! याज्ञवल्क्य स्मृतीत निपुत्रिक पुरुषाच्या वारसांचा क्रम दिला आहे : आधी पत्नी, मग मुली, मग आईवडील आणि त्यानंतर भाऊ. भावाच्या कितीतरी आधी बायको. मग मावशीआजीला जमीन का मिळू नये?

कारण विज्ञानेश्वर. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळात, कल्याणीला (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) त्याने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. त्याने हा क्रम मान्य केला, पण एक अट घालून. हा क्रम विभक्त झालेल्या माणसासाठी. भावांबरोबर एकत्र असतानाच कोणी वारला, तर त्याचा वेगळा असा वाटा उरतच नाही, तो उरलेल्या भावांचा होतो. बायकोला अन्नवस्त्र.

तेव्हा विधवेचा हक्क ठरायचा तो तिच्यावरून नाही, तर तिचा नवरा भावांपासून फुटला होता की नाही यावरून. पुढे इंग्रजांच्या कोर्टांत हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. वाटणीपत्र आहे का? फारकत झाली होती का? नुसती चूल वेगळी, राहतं घर वेगळं, एवढ्याने वाटणी सिद्ध होत नसे.

हीच बाई बंगालात असती तर? तिथे जीमूतवाहनाचा 'दायभाग' चालायचा. त्याप्रमाणे एकत्र कुटुंबातल्या निपुत्रिक विधवेलाही नवऱ्याचा वाटा मिळे. एकाच धर्मातल्या, एकाच देशातल्या दोन विधवा, एक कलकत्त्याला आणि एक कोकणात. दोघींचं नशीब दोन पोथ्यांनी ठरवलं.

अर्थात जिला मिळे तिलाही पूर्ण मिळत नसे. विधवेची मालकी तहहयात. उत्पन्न खावं, पण कर्जफेडीसारखी खरीच नड असल्याशिवाय जमीन विकता येत नसे. ती गेली की मालमत्ता तिच्या नव्हे, नवऱ्याच्या वारसांकडे परत. राखणदारच म्हणायची ती!

आपल्या बाजूला एक गोष्ट मात्र चांगली होती, ती म्हणजे बहिणीचं स्थान. सतराव्या शतकात नीलकंठ भट्टाने (मूळचं पैठणचं घराणं, काशीला स्थायिक झालेलं) 'व्यवहारमयूख' लिहिला. त्यात भावाच्या वारसांत बहिणीला आजीनंतर लगेच जागा दिली आहे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात हा ग्रंथ प्रमाण मानत. मिताक्षरा चालणाऱ्या इतर प्रांतांतल्या बहिणींना असं वरचं स्थान मिळायला १९२९ चा कायदा यावा लागला.

मग आला १९३७ चा कायदा. मुंबईचे डॉ. गोपाळराव देशमुख यांनी तो मध्यवर्ती कायदेमंडळात लावून धरला, म्हणून त्याला लोक देशमुख कायदाच म्हणत. एकत्र कुटुंबातल्या विधवेला नवऱ्याचा वाटा मिळाला आणि वाटणी मागण्याचा अधिकारही. मालकी अजून तहहयातच. त्यात १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितलं, की प्रांतांतल्या शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. म्हणजे खेड्यातल्या बाईच्या हातात काय उरलं ते बघा! आमच्या मावशीआजीला तर तोही उपयोगाचा नव्हता. कायदा त्यानंतरच्या मृत्यूंना लागू होता, आणि तिचा नवरा तीन वर्षं आधी गेला होता.

खरा बदल झाला १९५६ साली. हिंदू कोड बिल रखडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला, ते आपण शाळेत वाचलेलं असतं. त्याच बिलाचे पुढे तुकडे झाले आणि त्यातला एक म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा. यात निपुत्रिक पुरुष मृत्युपत्राशिवाय वारला तर बायको आणि आई दोघी सारख्या वाटेकरी. त्यांच्यापैकी एकही असेपर्यंत भाऊबहिणींना काही नाही.

आणि एकत्र कुटुंबाचं काय? इथे कायद्याने एक सुंदर युक्ती केली. मागे बायको, आई किंवा मुलगी असेल, तर मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली होती असं समजायचं! कागद असो नसो, चूल एक असो की दोन. जो प्रश्न विचारून आठशे-साडेआठशे वर्षं विधवांना दारातून परत पाठवलं, त्याचं उत्तर कायद्याने स्वतःच देऊन टाकलं.

मावशीआजीलाही या कायद्याने थोडं दिलं. पोटगीपोटी दिरांनी तिला काही माडांचा तुकडा लावून दिला होता. १९५६ पर्यंत ती त्याची राखणदार होती, त्यानंतर मालकीण झाली. (पोटगीपोटी मिळालेल्या जमिनीचं हे तत्त्व सुप्रीम कोर्टाने १९७७ साली पक्कं केलं.) तिला हे कधी कोणी सांगितलं होतं का, कोण जाणे.

पण गोष्ट इथे संपत नाही. शेवटची पाच-सहा वर्षं ती आमच्याकडे होती. तिचं सगळं आजीने केलं. १९८१ साली ती गेली, तीही मृत्युपत्र न करता. तिचे माड, आणि पापड-लोणची विकून पोस्टात साठवलेले तिचे स्वतःचे पैसे, कायद्याने कोणाचे? पुतण्यांचे. त्याच १९५६ च्या कायद्याचं पंधरावं कलम सांगतं, की मूल आणि नवरा नसलेल्या स्त्रीची मालमत्ता आधी नवऱ्याच्या वारसांना, मग तिच्या आईवडिलांना, आणि त्यानंतर कुठे तिच्या भावाबहिणींना. (माहेरून वारशाने आलेली मालमत्ता तेवढी माहेरी परत जाते.) माड सासरचे, ते सासरी गेले तर समजू शकतं. पण पापडांचे पैसे?

२००९ साली सुप्रीम कोर्टापुढे असंच एक प्रकरण आलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरहून हाकललेली, माहेरी शिकून नोकरीला लागलेली बाई. तिची स्वकमाई कोर्टाने नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांना दिली. सहानुभूती वेगळी, कायदा वेगळा. विधी आयोगाने २००८ मध्येच हे कलम बदलायला सुचवलं होतं. कलम अजून तिथेच आहे.

मला वाटतं, मिताक्षरेपासून या कलमापर्यंत धागा एकच आहे. मालमत्ता माणसाची नसते, घराण्याची असते, आणि बाईचं घराणं म्हणजे नवऱ्याचं. भावाच्या ताटातून तिचं ताट १९५६ मध्ये निराळं झालं. ती गेल्यावर मात्र ते पुन्हा सासरच्याच मांडणीवर ठेवतात.

पुतण्यांनी मावशीआजीची बोरमाळ आजीला आणून दिली. "काकूची सेवा तुम्ही केलीत," म्हणाले. त्यांच्यावर तसं कसलंही बंधन नव्हतं. आजी त्या दिवशी काही बोलली नाही, पण पुढच्याच महिन्यात तिने स्वतःचं मृत्युपत्र केलं. साधा कागद, तिची सही, दोन साक्षीदार. तेवढं पुरतं.

बोरमाळ आता माझ्या बहिणीकडे आहे. असो.