चार सुती सळई

आता बघा, मापांचा कायदा झाला 1956 साली. एमआयडीसी आली 1962 मध्ये. म्हणजे आपल्या पट्ट्यातले बहुतेक कारखाने मेट्रिकच्याच काळात उभे राहिले. तरी तळवड्यात जमीन अजून गुंठ्यात, आणि बांधकामाची सळई सुतात! आठ सूत म्हणजे एक इंच, इंच 25.4 मिलिमीटर, हे पक्कं झालं 1959 साली. मग चार सूत किती? 12.7. पण दुकानात ‘चार सुती’ मागा, हातात येते 12 मिलिमीटरची. नाव टिकलं, सळई बारीक झाली. व्यास साडेपाच टक्क्यांनीच कमी, पण ताणाच्या सूत्रात क्षेत्रफळ येतं, म्हणजे व्यासाचा वर्ग. 161 च्या जागी 144. भार तोच असेल, तर ताण बारा टक्क्यांनी वाढतो.